छप्पन्न फुटांवरून

फॉस्टर ह्यूइट आपल्या पहिल्या समालोचनाची गोष्ट आयुष्यभर सांगत राहिले, आणि ती होतीही सांगण्यासारखी. वय वर्षं वीस. ‘टोरंटो स्टार’ या वर्तमानपत्रात नवखे बातमीदार. या वर्तमानपत्रानं नुकतंच सीएफसीए नावाचं स्वतःचं रेडिओ केंद्र सुरू केलं होतं आणि रेडिओचं वेड असलेला पोरगा म्हणून ह्यूइट यांना तिकडच्याही कामाला जुंपलं होतं. १९२३ सालच्या हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी दिवसभराचं काम उरकून ते घरी निघाले, तेवढ्यात रेडिओ विभागाचे संपादक बॅसिल लेक यांनी त्यांना थांबवलं. रात्री म्युच्युअल स्ट्रीट अरीनात हॉकीचा सामना आहे, तिथं जायचं आणि जे दिसेल ते टेलिफोनवरून सांगत राहायचं. टेलिफोनवर पोहोचलेला आवाज केंद्रातून पुढं हवेत सोडला जाणार होता.

रिंकच्या कडेला त्यांच्यासाठी एक काचेची पेटी उभी केली होती. जेमतेम तीन-चार फूट लांब-रुंद. बाहेरचा गोंगाट आत येऊ नये म्हणून तिच्या फटी रबरानं बुजवलेल्या, त्यामुळं हवेलाही वाट नाही. आत एक ठेंगणं स्टूल आणि एक टेलिफोन. बाहेर बर्फाची गार हवा, आत बोलणाऱ्याचा गरम श्वास, त्यामुळं काही मिनिटांतच काचांवर वाफ धरली आणि समोरचा खेळ दिसेनासा झाला. एका हातात फोन धरून दुसऱ्या हातानं काच पुसायची आणि तोंडानं बोलणं चालू ठेवायचं, असा तो प्रकार होता. त्यात मधूनच टेलिफोन एक्स्चेंजमधली ऑपरेटर लाइनवर येऊन कोणता नंबर हवा आहे म्हणून विचारायची. ठरलेली वेळ बरोबरीत संपली आणि सामना जादा वेळेत गेला. सगळं संपवून बाहेर पडलेल्या ह्यूइट यांना हे काम पुन्हा कधी करायला लागू नये असं वाटलं होतं. पुढं ते काम त्यांनी साडेचार दशकं नेमानं केलं, आणि निवृत्तीनंतर एकदा पुन्हा.

या गोष्टीत एक अडचण आहे. ह्यूइट तारीख सांगायचे २२ मार्च १९२३, आणि हॉकीचं रेडिओवरचं पहिलं समालोचन आपलंच, असं कॅनडात कित्येक वर्षं मानलं गेलं. त्या काळातली वर्तमानपत्रं चाळली तर वेगळंच दिसतं. ह्यूइट यांचं पहिलं समालोचन १६ फेब्रुवारीचं. त्याच्याही आठ दिवस आधी, ८ फेब्रुवारीला, त्याच ‘स्टार’च्या नॉर्मन अल्बर्ट यांनी नॉर्थ टोरंटो आणि मिडलंड यांच्या सामन्याचा शेवटचा टप्पा रेडिओवरून सांगितला होता. आणि व्यावसायिक हॉकीचा अख्खा सामना सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगण्याचा मान जातो पीट पार्कर यांच्याकडे. त्यांनी १४ मार्चला रेजायना शहरातून तो सांगितला. म्हणजे ‘पहिला’ हा शिक्का ह्यूइट यांच्यावरून पुसावाच लागतो. माझ्या मते त्यानं त्यांचं काही बिघडत नाही. अल्बर्ट आणि पार्कर यांनी एक प्रयोग करून पाहिला. त्या प्रयोगातून एक धंदा, एक कला आणि एका देशाची शनिवारची रात्र घडवली ती ह्यूइट यांनी.

हे काम किती अवघड होतं ते कळण्यासाठी आधी खेळ डोळ्यांपुढं आणायला हवा. आपल्याकडं हॉकी म्हटलं की हिरवं मैदान आणि ध्यानचंद आठवतात. कॅनडातली हॉकी बर्फावरची. सुमारे २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद बर्फाची फरशी, चारही बाजूंनी लाकडी कठडा, पायांत स्केट घातलेले प्रत्येक बाजूचे सहा खेळाडू. चेंडूऐवजी कठीण रबराची चकती, तिला ‘पक’ म्हणतात: व्यास तीन इंच, जाडी एक इंच. वीस-वीस मिनिटांचे तीन टप्पे. खेळ इतका दमवणारा की खेळाडू थोड्या थोड्या वेळानं आत-बाहेर होतात, आणि तेही खेळ न थांबता. क्रिकेटच्या समालोचकाला दोन चेंडूंच्या मध्ये श्वास घ्यायला, हवामानाबद्दल चार शब्द बोलायला उसंत मिळते. इथं ती मुळीच नाही. पक कठड्यावर आपटून कुठंही उसळतो, दहा जणांच्या गर्दीत गडप होतो आणि क्षणात दुसऱ्या टोकाला पोहोचतो. ऐकणारा शेकडो मैल दूर, अंधाऱ्या खोलीत. त्याला प्रत्येक क्षणी तीन गोष्टी कळायलाच हव्यात: पक कुणाकडे आहे, तो रिंकच्या कुठल्या भागात आहे आणि धोका किती आहे.

पहिल्या दोन गोष्टी ह्यूइट शब्दांनी सांगत. तिसरी ते आवाजानं सांगत. त्यांच्या कलेचं मर्म यात आहे असं मला वाटतं. त्यांचा आवाज भारदस्त नव्हता, उलट बारीक, थोडा नाकातला आणि उंच पट्टीतला होता. पण पक मध्यभागी रेंगाळत असताना तो आवाज मुद्दाम खाली ठेवलेला असे. प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीची निळी रेषा ओलांडली की तो वर सरकायचा. फटका बसला की आणखी वर, आणि गोल झाला की टोकाला. ‘ही शूट्स, ही स्कोअर्स’ हे त्यांचं वाक्य पुढं हॉकीचं बोधवाक्यच होऊन बसलं. त्या चार शब्दांत काही अलंकार नाही. फटका मारणं आणि गोल होणं यांत जेवढा वेळ जातो तेवढाच ते शब्द उच्चारायला लागतो, हेच त्यांचं बळ. रेडिओ अर्धवट लक्षानं ऐकणारी, चुलीपाशी काम करणारी बाई आवाजाच्या चढावरूनच ओळखायची की आता जवळ जाऊन ऐकायला हवं.

हॉकी ह्यूइट यांच्या घरातच होती. वडील डब्ल्यू. ए. ह्यूइट हे ‘स्टार’चेच क्रीडा संपादक आणि ऑन्टॅरिओ हॉकी असोसिएशनचे वर्षानुवर्षांचे सचिव. १९२०च्या ऑलिंपिकमध्ये बर्फावरची हॉकी पहिल्यांदा खेळली गेली, तेव्हा कॅनडाच्या संघासोबत ते गेले होते. त्यामुळं खेळाडूंची नावं, नियम, पंचांच्या खोड्या हे सगळं फॉस्टरनी लहानपणापासून ऐकलेलं. पण घरच्या वारशानं फक्त दार उघडलं. पुढच्या वाटेवर त्यांना कॉन स्माइथ भेटले.

स्माइथ हा करडा, धाडसी, हिशेबी माणूस. १९२७ साली त्यांनी आणि त्यांच्या भागीदारांनी टोरंटोचा संघ विकत घेतला आणि त्याचं नाव ‘मेपल लीफ्स’ ठेवलं. त्या काळात बहुतेक संघमालक रेडिओला बिचकून असत. घरबसल्या सामना ऐकायला मिळाला तर तिकीट कोण काढणार, हा त्यांचा सवाल. स्माइथ यांनी उलटा विचार केला. ह्यूइट यांचं समालोचन ऐकून लोकांना सामना पाहायची ओढ लागते, हे त्यांनी हेरलं. नवं, मोठं सभागृह बांधायचं ठरलं, तेव्हा महामंदी ऐन भरात होती. पैसे कमी पडले तर मजुरांनी पगाराचा पाचवा हिस्सा रोखीऐवजी शेअरच्या रूपात घेतला. जून १९३१मध्ये काम सुरू झालं आणि १२ नोव्हेंबर १९३१ला ‘मेपल लीफ गार्डन्स’चे दरवाजे उघडले. साडेपाच महिन्यांत! पहिला सामना लीफ्स शिकागोकडून २-१ असा हरले, पण तो मोसम संपता संपता त्यांनी विजेतेपदाचा स्टॅनली कप जिंकला.

या इमारतीत समालोचकाची जागा कुठं असावी, हे ठरवायचं काम स्माइथ यांनी ह्यूइट यांच्यावर सोपवलं. ह्यूइट ईटन कंपनीच्या उंच इमारतीत गेले आणि एकेका मजल्याच्या खिडकीतून खालच्या रस्त्यावरची माणसं न्याहाळत वर चढत राहिले. खालच्या मजल्यांवरून माणसं एकमेकांआड जातात. फार वर गेलं की चेहरा-चाल ओळखू येत नाही. पाचव्या मजल्यावरून माणूस ओळखूही येतो आणि रस्त्याचा पूर्ण पट्टाही नजरेत मावतो. मग त्या खिडकीची उंची मोजली. सुमारे छप्पन्न फूट भरली, आणि गार्डन्सच्या छपराखाली बर्फापासून तेवढ्याच उंचीवर समालोचनाची खोली टांगली गेली. मॅकलॅरन या जाहिरात संस्थेतले पॅसमोर यांना ती त्या काळच्या अजस्र हवाई जहाजांच्या पोटाखाली लटकणाऱ्या खोलीसारखी वाटली, म्हणून ते तिला ‘गोंडोला’ म्हणाले आणि तेच नाव राहिलं. तिथं पोहोचायला छपराच्या कैच्यांमधून गेलेली एक अरुंद फळीवजा वाट होती. खाली पाहिलं की थेट बर्फ.

(टोरंटोला मुलाबाळांकडं जाणाऱ्या मराठी वाचकांना ही इमारत आजही पाहता येते. चर्च आणि कार्लटन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर ती उभी आहे. खाली किराणा मालाचं मोठं दुकान आहे, वरच्या मजल्यावर विद्यापीठाचं रिंक. जिथं पूर्वी रिंकचा मध्य होता तिथं, दुकानाच्या फरशीवर, एक लाल ठिपका काढून ठेवला आहे.)

जाहिरात संस्थेचे प्रमुख जॅक मॅकलॅरन यांनी रेडिओचे हक्क आधीच, गोल्फ खेळता खेळता, स्माइथ यांच्याकडून मिळवले होते, तेही नुसत्या हातात हात देऊन. जनरल मोटर्सनं प्रायोजकत्व घेतलं, १९३६पासून इम्पीरियल ऑइलनं. १९३३च्या जानेवारीपासून प्रक्षेपण एका शहरापुरतं न राहता देशभरच्या केंद्रांच्या साखळीवर गेलं. ते वर्ष लक्षात घ्या. प्रेअरीच्या गव्हाच्या पट्ट्यात दुष्काळ, धुळीची वादळं, शहरांत बेकारी. सिनेमाचं तिकीट काढणंही अनेकांना जड. अशा वेळी दोन समुद्रांमध्ये पसरलेल्या, विरळ वस्तीच्या त्या देशात शनिवारी रात्री लाखो माणसं एकाच वेळी एकच गोष्ट ऐकू लागली. कॅनडा आणि अमेरिकेतल्या हॉकीप्रेमींना आणि न्यूफाउंडलंडला नमस्कार करून ह्यूइट सुरुवात करत. न्यूफाउंडलंड तेव्हा वेगळा देश होता. १९४९मध्ये तो कॅनडात सामील झाला आणि तिथल्या लोकांना वेगळा नमस्कार घालायची गरज उरली नाही. टोरंटो ज्यांनी कधी पाहिलं नव्हतं अशी पोरं गोठलेल्या तळ्यांवर लीफ्सच्या खेळाडूंची नावं घेऊन खेळत होती. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर सामने ध्वनिमुद्रित करून, कापून-छाटून समुद्रापलीकडच्या कॅनेडियन सैनिकांसाठी पाठवले जाऊ लागले.

‘सगळा देश’ असं म्हणताना मात्र हात थोडा आखडायला हवा. ह्यूइट यांचा देश इंग्रजी बोलणारा होता. क्वेबेकमधल्या फ्रेंच घरांत मॉन्ट्रियलचा संघ आपला, टोरंटोचा परका. तिथल्या टीव्हीवर पुढं रने लकाव्हालिए यांनी फ्रेंचमध्ये समालोचन केलं, आणि हॉकीसाठी नेमके फ्रेंच शब्द वापरून ते घराघरांत रुळवले. त्यांचं काम कमी तोलाचं मुळीच नाही. आणखी कितीतरी वर्षांनी, २००८ साली, शनिवारच्या याच प्रक्षेपणातून पुढं आलेला ‘हॉकी नाइट इन कॅनडा’ हा कार्यक्रम पंजाबीतही सुरू झाला. त्यावर बोलणारे हरनारायण सिंग अल्बर्टा प्रांतात वाढलेले. शनिवारी संध्याकाळी आजी-आजोबांसह अख्खं पंजाबी घर टीव्हीपुढं बसून आपल्या भाषेत हॉकी ऐकतं, ही परंपरा ह्यूइट यांच्या शनिवारपासूनच निघते.

१९३३च्या ३ एप्रिलच्या रात्रीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. उपांत्य फेरीचा पाचवा आणि निर्णायक सामना, टोरंटो विरुद्ध बॉस्टन. साडेआठला खेळ सुरू झाला. साठ मिनिटांत गोल नाही. जादा वेळेचा पहिला टप्पा, वीस मिनिटं, गोल नाही. दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. बर्फ खरवडून निघालेला, खेळाडू नुसते पाय ओढत होते. दोन्ही गोलरक्षक, टोरंटोचे लॉर्न शाबो आणि बॉस्टनचे टायनी थॉम्पसन, काहीही आत जाऊ देईनात. नाणेफेकीनं निकाल लावावा इथपर्यंत बोलणी गेली, पण खेळ चालूच राहिला. गार्डन्समध्ये चौदा हजारांवर माणसं होती. वर गोंडोलात ह्यूइट एकटे. दुसरा समालोचक नाही, आलटून-पालटून बोलायची सोय नाही. जादा वेळेच्या सहाव्या टप्प्यात, रात्री पावणेदोनच्या सुमारास, बॉस्टनच्या एडी शोर यांच्याकडून निघालेला पक अँडी ब्लेअर यांनी मध्येच अडवला आणि केन डोराटी यांच्याकडे सरकवला. डोराटी संघातले अंगानं सर्वांत किरकोळ म्हणावे असे. त्यांनी तो जाळ्यात धाडला. जादा वेळ झाला होता १०४ मिनिटं ४६ सेकंद. तोवर एवढा लांब सामना कधी झाला नव्हता. जिंकलेले लीफ्स थेट न्यूयॉर्कच्या गाडीत बसले आणि त्याच दिवशी रात्री अंतिम फेरीचा पहिला सामना ५-१ असा हरले. पण लोकांच्या तोंडी राहिला तो आदल्या रात्रीचा सामना. गार्डन्समधल्या चौदा हजारांनी तो पाहिला. बाकी देशाला तो मिळाला एका माणसाच्या घशातून, आणि तो घसा शेवटच्या गोलापर्यंत टिकला. आवाज राखून ठेवायची त्यांची सवय त्या रात्री खरी फळाला आली.

१९५१मध्ये ह्यूइट यांनी टोरंटोत स्वतःचं रेडिओ केंद्र काढलं, सीकेएफएच. शेवटची दोन अक्षरं त्यांच्या नावाची. पैशाच्या बाबतीत ते पक्के होते, आणि समालोचनातून एवढी कमाई करता येते हे त्यांच्याआधी कॅनडात कुणी दाखवलं नव्हतं. १ नोव्हेंबर १९५२ला गार्डन्समधून इंग्रजीतलं पहिलं दूरचित्रवाणी प्रक्षेपण झालं. लीफ्सनी बॉस्टनला ३-२ असं हरवलं आणि पडद्यामागचा आवाज अर्थात ह्यूइट यांचाच होता. या वेळी मात्र स्माइथही सावध होते. सुरुवातीच्या काळात सामना बराच पुढं गेल्यावर, रात्री साडेनऊला, टीव्हीवरचं प्रक्षेपण सुरू होई. टीव्ही हे ह्यूइट यांचं माध्यम नव्हतं, असं माझं मत. प्रेक्षकाला पक दिसत असताना तो कुठं आहे हे सांगण्यात अर्थ उरत नाही. त्यांची अर्धी कला तिथं निकामी होत होती. दशक संपता संपता त्यांनी टीव्हीवरची जागा मुलाला दिली आणि स्वतः रेडिओवर परतले.

मुलगा बिल. लहानपणी वर्षातून एकदा, मुलांसाठी राखलेल्या खास रात्री, बाबा त्याला मिनिट-दोन मिनिटं मायक्रोफोनवर बोलू देत. पहिल्यांदा बोलला तेव्हा तो आठ वर्षांचा होता. बापलेकांचे आवाज इतके सारखे की भले भले फसत. १९६५ साली फॉस्टर ह्यूइट यांचा समावेश हॉकीच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये झाला. त्यांचे वडील तिथं आधीच होते. १९६८मध्ये त्यांनी रेडिओवरचं समालोचनही थांबवलं.

मग आलं १९७२. कॅनडाचे सर्वोत्तम व्यावसायिक खेळाडू आणि सोव्हिएत संघ पहिल्यांदाच समोरासमोर, आठ सामने, चार कॅनडात आणि चार मॉस्कोत. आपण सहज जिंकणार याबद्दल कॅनडात फारशी शंका नव्हती. समालोचनासाठी सत्तरीला टेकलेल्या ह्यूइट यांना परत बोलावलं गेलं. २ सप्टेंबरला मॉन्ट्रियलमध्ये कॅनडा ७-३ असा हरला आणि देश हादरला. ह्यूइट यांचं वयही जाणवत होतं. स्वतःच्याच संघातल्या इव्हान कूर्नवाये यांचं नाव ते धड उच्चारत नव्हते आणि त्यावर लोक कुरकुरत होते. त्या कुरकुरीत तथ्य होतं.

२८ सप्टेंबर, मॉस्को, लुझनिकी, आठवा सामना. दोघांचे तीन-तीन विजय, एक बरोबरी. दोन टप्प्यांनंतर कॅनडा ३-५ असा मागं. गुरुवार होता, कॅनडात कामाचा दिवस. शाळांमध्ये वर्गावर्गांत टीव्ही आणून ठेवले होते, दुकानांच्या काचांपुढं माणसं दाटली होती. शेवटच्या टप्प्यात कॅनडानं ५-५ अशी बरोबरी साधली. एक मिनिटाहून कमी वेळ उरला असताना पॉल हेंडरसन गोलाजवळ धडपडून पडले. ह्यूइट यांनी ते पडणंही सांगितलं. हेंडरसन उठले, फिल एस्पोझिटो यांचा फटका गोलरक्षक त्रेत्याक यांनी अडवला, परतलेला पक हेंडरसननी मारला, तोही अडला, आणि पुन्हा मारला तेव्हा आत गेला. ३४ सेकंद शिल्लक होते. आवाज चढत चढत टोकाला गेला आणि ह्यूइट म्हणाले की हेंडरसनने कॅनडासाठी गोल केला. ‘कॅनडासाठी’. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ज्यांनी एका शहराच्या संघाचे गोल सांगितले, ज्यांचा पगार त्या संघाशी बांधलेला होता, त्यांच्या तोंडून तो शब्द अगदी सहज आला. वाक्य लिहून आणायला वेळ कुठं होता? ते ध्वनिमुद्रण कॅनडात आजही लागतं. नावं चुकणारा थकलेला माणूस त्यात कुठंही ऐकू येत नाही. ऐकू येतो तो काचेवरची वाफ पुसत बोलणारा वीस वर्षांचा पोरगा, फक्त आता त्याला आपला आवाज कधी सोडायचा हे पक्कं ठाऊक आहे.

गार्डन्स नंतर हॅरॉल्ड बॅलर्ड यांच्या ताब्यात गेलं. १९७९मध्ये त्यांनी महागड्या खासगी कक्षांसाठी जागा करायची म्हणून गोंडोला छपरावरून उतरवला आणि भट्टीत टाकला. हॉकीच्या संग्रहालयाला तो हवा होता. त्या फळ्यांना आणि पत्र्याला बाजारात किंमत नसेल, पण एका देशानं ज्या खोलीतून अर्धं शतक स्वतःचा खेळ ऐकला ती जाळून टाकायला मन धजावतं कसं, हे मला आजवर उमगलेलं नाही. ह्यूइट तेव्हा हयात होते. त्यांना ते फार लागलं.

१९८४पासून हॉकीच्या समालोचकांना दर वर्षी त्यांच्या नावानं सन्मान दिला जातो. पुढच्याच वर्षी, २१ एप्रिल १९८५ला, टोरंटोत ते वारले. बिलनी १९८१पर्यंत टीव्हीवर समालोचन केलं, पुढं आजारपणानं थांबावं लागलं. वडिलांच्या नावाचा सन्मान त्यांना २००७ साली, मरणोत्तर, मिळाला.